फ्लॉरेन्सच्या डोळ्यांचे थेंब

२१ ऑक्टोबर २०२३

रोमन,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरलेलं नाही, मुद्दाम गाळलंय. छत्तीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आताही लिहिली नसती. पण काम माझं नाही. माझ्या एका मैत्रिणीचं आहे. फ्लॉरेन्स तिचं नाव. तू गाव सोडून गेल्यानंतर ती इथे राहायला आली, त्यामुळे तू तिला ओळखत नाहीस. चौकशा करू नकोस.

तुझी मुलगी मला दर नाताळला पत्र पाठवते आणि मी तिला उत्तर पाठवते. ती माझी भाची आहे, त्यात तुझा काही संबंध नाही. कॅरलने लिहिलं होतं की तुझी बायको लॉरेन गेल्यापासून तू दर मंगळवारी टूसॉनच्या वाचनालयात बसतोस आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना मेडिकेअरचा औषधांचा प्लॅन निवडून देतोस. तेही फुकट. वाचून माझी कॉफी सांडली. लहानपणी सायकलवर एक चक्कर मारू देण्याचेही तू पैसे घ्यायचास.

तर ऐक. गिरणी बंद पडून दहा वर्षं झाली, पण युनियनचा हॉल अजून उभा आहे. शुक्रवारी आम्ही सगळे तिथे मासे खायला जमतो. फेलिक्स डॉम्बेक अजून अध्यक्ष आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. सेक्रेटरी मी. कशाची युनियन ते विचारू नकोस. गिरणी नाही, मालक नाही, पगार नाही, पण अध्यक्ष, सेक्रेटरी आणि लाकडी हातोडा आहे.

परवाच्या शुक्रवारी हे औषधांचं प्रकरण निघालं. तुला मी काय सांगायचं म्हणा! मेडिकेअर म्हणे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पण त्याने औषधांचा भाग खासगी कंपन्यांच्या गळ्यात बांधला, आणि आम्ही दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या दिवसांत जाडजूड पुस्तकं वाचत बसायचं की पुढच्या वर्षी कोणाचा प्लॅन घ्यावा. चेस्टर ग्लोडोव्स्की उठला आणि म्हणाला, "एकेकटे गेलो तर या कंपन्या आपल्याला सोलून खातील. गिरणीत आपण कधी एकेकटे वाटाघाटीला गेलो होतो का?" सगळ्यांनी टेबलं बडवली. मग मी ठराव मांडला की सगळ्यांनी मिळून एकच प्लॅन घ्यायचा. चेस्टरने अनुमोदन दिलं. कुठला घ्यायचा? फेलिक्सचा! कारण अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला वर्षभर औषधांवर दमडीचा खर्च आलेला नाही. याहून चांगला प्लॅन कुठे असणार? हात वर झाले, हातोडा पडला, ठराव एकमताने मंजूर. सोमवारी हॉलमध्ये बसून सगळ्यांनी फोन लावून तो प्लॅन घेऊनही टाकला. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. संपानंतर इतकं छान काही झालंच नव्हतं.

आता फ्लॉरेन्सचं दुखणं. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब एकाच औषधाच्या थेंबांनी आटोक्यात राहतो, आणि ते औषध या नव्या प्लॅनच्या यादीत नाही. जुन्या प्लॅनमध्ये होतं, तो डिसेंबरअखेर संपतो. विम्याशिवाय ती बाटली घ्यायची तर घर गरम ठेवायचं की डोळ्यात थेंब घालायचे, यातलं एकच जमेल. विस्कॉन्सिनचा जानेवारी तुझ्या लक्षात असेल.

तिने काय करावं? पत्रानेच कळव. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नाही.

डेल्फिन पावलाक


४ नोव्हेंबर

रोमन,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर निवडुंगाचं चित्र कशासाठी? मला टोचायला? आणि मजकूर काय, तर "फ्लॉरेन्सला सांग, प्लॅन बदल. ७ डिसेंबरपर्यंत एक फोन पुरतो. रोमन." संपलं. छत्तीस वर्षांनी सख्ख्या बहिणीला एवढंच!

तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती म्हणा. अडचण आली की बाहेर पड. फ्लॉरेन्सने हात वर केला होता. इतकंच काय, ठरावाच्या बाजूने ती सगळ्यांत मोठ्याने बोलली होती. एकदा वर केलेला हात आम्ही खाली घेत नाही. तू घेतलास, म्हणून तू त्या टूसॉनच्या वाळवंटात आहेस आणि आम्ही इथे आहोत.

प्लॅन न बदलता काही होतं का, ते सांग.

इथे अजून एक गोष्ट उघडकीला आली. फेलिक्सच्या स्वयंपाकघरात मी सहज कपाट उघडलं, तर आत लोणच्याच्या बरण्या. गोळीची एक डबी नाही. मी म्हटलं, "फेलिक्स, तुमची औषधं कुठे ठेवता?"

"औषधं? मी कशाला घेऊ औषधं? मला काय झालंय?"

"मग प्लॅन कशाला घेतलात?"

"नाही घेतला तर पुढे दंड बसतो ना. म्हणून सगळ्यांत स्वस्त होता तो घेतला."

"अहो, मग मतदानाच्या वेळी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"अध्यक्षाने चर्चेत भाग घ्यायचा नसतो," फेलिक्स म्हणाला. "नियम आहे. तूच लिहिलायस."

डोक्याला हात लावून मी घरी आले. औषधांचा खर्च शून्य का होता, ते आमच्यापैकी कोणाच्याही टाळक्यात आलं नाही. तीस जणांची साखर, रक्तदाब, गुडघे आणि हृदयं आम्ही अशा माणसाच्या प्लॅनला बांधली जो आयुष्यात शिंकलासुद्धा नाही. पण मी कोणाला बोलले नाही. ठराव माझा आहे.

चेस्टरने फ्लॉरेन्सला मदत देऊ केली. त्याच्या ट्रूडीलाही काचबिंदू आहे. ट्रूडी म्हणजे त्याची कुत्री. "हे घे," म्हणाला, "जनावरांच्या डॉक्टरकडून आणलेत. थेंब ते थेंब. ट्रूडीला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही बघ." फ्लॉरेन्सने बाटली परत केली. अजून ती त्या थराला गेलेली नाही.

डेल्फिन


२१ नोव्हेंबर

रोमन,

या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंस, बरं वाटलं. म्हणजे, फ्लॉरेन्सला बरं वाटलं. तिचा डॉक्टर कंपनीला लिहून देऊ शकतो की या बाईला हेच औषध लागतं, आणि मग कंपनी यादीबाहेरचं औषधही मंजूर करू शकते, हे तिला ठाऊक नव्हतं. जानेवारीपासूनचा अर्ज आत्ताच करता येतो, हेही कंपनीच्या बाईने फोनवर कबूल केलं. पण आधी पाऊण तास तेच ते संगीत ऐकवलं. ते आता मला झोपेतही ऐकू येतं.

फक्त एक अडचण होती. हरणांच्या शिकारीचा मोसम परवा शनिवारी सुरू झाला. इथे होतास तेव्हा तूही दर वर्षी झाडावर बसायचास, तेव्हा सांगायला नको. दवाखान्याला कुलूप, बँकेत एक मुलगी, चर्चमध्ये फक्त बायका. डोळ्यांचा डॉक्टर नऊ दिवस जंगलात. आणि अर्जावर त्याची सही हवी.

तेव्हा चेस्टर, मी आणि फ्लॉरेन्स ट्रकमधून जंगलात गेलो. भगवी टोपी घातली होती मी, उगाच कोणी हरीण समजून गोळी घालायला नको. डॉक्टरची शिकारीची जागा चेस्टरला माहीत होती. झाडाखाली उभी राहून मी हाक मारली.

"डॉक्टर! अहो डॉक्टर!"

वरून कुजबूज आली, "शूऽऽ! कोण आहे?"

"सही हवी होती!"

"हळू बोला! दोन तास एका नराची वाट बघतोय मी!"

"मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे," मी वर बघून ओरडले, "माझ्याकडेही वेळ नाही!"

नर होता की नव्हता कोण जाणे, असलाच तर तिथून थेट मिशिगनला गेला असेल. डॉक्टर खाली उतरला. त्याने ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मग माझी हनुवटी धरून डोळ्यांत बॅटरी मारली, तिथेच, बर्फात. विचारलं, "थेंब रोज घालता ना?" मी म्हटलं, हो.

म्हणजे फ्लॉरेन्सच्या डोळ्यांत बॅटरी मारली. सोबतीला गेले होते ना मी, म्हणून गोंधळ झाला.

डेल्फिन


३० नोव्हेंबर

रोमन,

कंपनीकडून नकार आला. म्हणतात, आधी यादीतलं स्वस्त औषध वापरून बघा. त्याने भागलं नाही तर मग बोलू. यादीतलं स्वस्त औषध दम्याच्या माणसाला चालत नाही, डॉक्टरने तसं लिहूनही दिलं होतं. तरी नाही. वर अपील करता येतं म्हणाले. सगळे पायरीपायरीने नाही म्हणतात, कोणी मोठा आवाज करत नाही. गिरणीचा साहेब निदान टेबलावर मूठ आपटायचा.

तुझं कार्ड कालच आलं. "फ्लॉरेन्सलाही दमा? तुलाही होता ना, म्हणून विचारतो. तिला सांग, थेंब साठवून ठेवू नकोस. सगळे तेच करतात."

फ्लॉरेन्स गाव सोडून गेली, रोमन. अचानक. कोणाला काही न सांगता. परत येईलसं वाटत नाही.

थेंब मी एक दिवसाआड घालत होते. ऑक्टोबरपासून. जानेवारीसाठी उरवत होते. झाडाखाली डॉक्टरशी खोटं बोलले. रविवारी कॉफी ओतली ती कपाच्या शेजारी टेबलक्लॉथवर, आणि मी आपली कप भरायची वाट बघत उभी. दिव्यांभोवती कडी दिसतात. मला भीती वाटते. हे मी इथे कोणापाशी बोललेले नाही. तुझ्याशी बोलायला सोपं जातं, कारण तू मला चांगलं म्हणावंस अशी माझी काही इच्छा नाही.

आईचं शेवटी कसं झालं होतं, आठवतं ना? भिंतीला हात लावून न्हाणीघरापर्यंत जायची. भिंतीवर तो मळकट पट्टा अजून आहे. मी त्यावर रंग लावलेला नाही.

आजपासून रोज घालते आहे. तुझ्या सांगण्यावरून नाही, मीच ठरवलं.

डेल्फिन


७ डिसेंबर

रोमन,

आजचा शेवटचा दिवस होता.

तुझं जाड पाकीट सोमवारी आलं. तीन प्लॅनची नावं, माझं औषध प्रत्येकात कितव्या पायरीवर आहे म्हणजे किती पैसे पडतील, आमच्या गावातलं कुठलं दुकान चालेल, सगळं तुझ्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात. माझ्यासाठी मोठं मोठं लिहिलंस. त्यात शेवटी ते वाक्य घातलंस. "डेल, मलाही एकदा तारीख दिली होती."

ते वाक्य वाचून मी पाकीट कपाटात टाकलं आणि तीन दिवस बाहेर काढलं नाही. मला चीड आली. अजूनही आहे थोडी. संपाचा आणि माझ्या थेंबांचा काय संबंध?

आज दुपारी फोन लावला. मुलीचा आवाज गोड होता. सगळी माहिती लिहून घेतली, मग म्हणाली, "आत्ताच तर तुम्ही तो दुसरा प्लॅन घेतला होतात. तो का सोडताय, आजी?"

मी म्हटलं, "औषधासाठी."

ती म्हणाली, "बरं."

इतकंच. "बरं." पुढे काही विचारलं नाही, नावं ठेवली नाहीत. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. मी फोन धरून वाट बघत बसले होते.

रोमन, त्या सकाळी संप मोडून कामावर जाताना गेटवर तू गाडीची काच खाली करून मला हेच सांगितलं होतंस. संप सुरू झाला तशी गिरणीने आपल्या सगळ्यांची विम्याची कार्डं बंद केली होती, ठरलेल्या तारखेच्या आत कामावर परतेल त्याचंच पुन्हा चालू होणार होतं, आणि कॅरलला आठवड्यातून दोनदा फिट येत होती. "कॅरलच्या औषधासाठी, डेल." मला ऐकू आलं होतं. मी "बरं" म्हटलं नाही. मी पाठ फिरवली, आणि माझं बघून रांगेतल्या सगळ्यांनी फिरवली.

आणि मग आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, हॉलमध्ये. तू केक घेऊन आलास आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या उलट्या केल्या. तुझ्याकडे पाठ करून जेवलो. आईला दिसत नव्हतं. ती मध्ये बसून विचारत होती, "सगळे गप्प का झालात? रोमन आला का?" तिला कोणी सांगितलं नाही. तूही नाही. तू तिच्या हातात केक दिलास आणि गेलास.

संप बरोबर होता. यात मी काडीचाही बदल करणार नाही. कॅरलचं औषधही बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी बरोबर असतं तेव्हा माणसाने काय करायचं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण तुझ्या लेकीची पत्रं मी सगळी ठेवली आहेत, आणि ती चाळीस पार करून धडधाकट आहे, याचा मला फार आनंद आहे.

उद्या शुक्रवार. हॉलमध्ये उभं राहून सांगणार आहे. चोरून केलं असं नको.

डेल्फिन


९ डिसेंबर

प्रिय रोमन,

काल गेले. मासे, राय धान्याचा पाव, कोबीचं सॅलड सगळं वाढून झालं होतं. फेलिक्सने हातोडा आपटला. मी उभी राहिले. बोलले, "ठराव मी मांडला होता. ठराव मीच मोडला. काल मी दुसरा प्लॅन घेतला. माझे डोळे जायला लागले होते. आता तुम्हाला काय करायचं ते करा."

आणि खाली बसून खुर्च्यांचा आवाज ऐकायची वाट बघत राहिले. लाकडी जमिनीवर खुर्ची फिरवली की कसा आवाज होतो, तुला माहीत आहे.

आवाज झाला नाही. सगळे आपापल्या ताटात बघत होते. चेस्टर काट्याने एकच बटाटा इकडून तिकडे ढकलत होता.

फेलिक्सला कमी ऐकू येतं, पण वास बरोबर येतो. तो म्हणाला, "ठरावाप्रमाणे जे अजून माझ्याच प्लॅनमध्ये आहेत, त्यांनी हात वर करा." आणि स्वतःचा हात वर केला.

एक हात. मग मागून हॅरिएटचा हात वर झाला. फेलिक्सचा चेहरा उजळला. हॅरिएट म्हणाली, "टार्टर सॉस कोणाकडे आहे?"

"चेस्टर!" फेलिक्स ओरडला. "तू अनुमोदन दिलं होतंस!"

"साखरेचं इंजेक्शन यादीत नव्हतं," चेस्टर ताटाकडे बघत म्हणाला. "नोव्हेंबरातच प्लॅन बदलला. डेल्फिनला काय वाटेल म्हणून बोललो नाही."

मग सगळेच बोलायला लागले. कोणाची हृदयाची गोळी, कोणाचा दम्याचा पंप. एकेकाने आपापल्या घरी गुपचूप फोन केला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे फुटलो. महिनाभर हे लोक माझी नजर चुकवत होते आणि मी त्यांची. चेस्टर तर मला बघून दुकानातल्या पावाच्या मांडणीमागे लपला होता. मला वाटलं, माझी नजर गेली.

फेलिक्स मात्र जाम भडकला. त्या प्लॅनमध्ये आता आमच्या युनियनचा तो एकटाच सभासद आहे, आणि त्याला औषधच लागत नाही. "मी अजून अध्यक्ष आहे," तो म्हणाला, "आणि इथे अजून काही रीत आहे." त्याने टेबलाला हात टेकला आणि खुर्ची आमच्याकडे पाठ करून फिरवायला लागला. खुर्ची हलेना. वयाने त्याचा खुबा धरलाय ना. दोनदा रेटून पाहिलं. लाल झाला. सगळे बघत होते, कोणी हसलं नाही.

शेवटी मागे न बघता तो म्हणाला, "डेल्फिन, जरा फिरव गं."

मी उठले, त्याच्या बगलेत हात घातला, त्याला थोडा उचलला आणि खुर्ची फिरवली. त्याचं ताटही त्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तो भिंतीकडे तोंड करून पाठ ताठ ठेवून जेवला. जेवण झाल्यावर म्हणाला, "आता परत फिरव. गोड काय आहे?"

घरी येऊन मी खूप हसले, आणि मग रडले. हसणं-रडणं थेंब घालायच्या आधीच उरकलं, म्हणजे औषध वाहून जाणार नाही.

बर्फ वितळला की ये. कॅरलला घेऊन ये. शुक्रवारीच ये, मासे अजून तसेच असतात. खुर्ची फिरवायला जी कंबर लागते ती आता इथे कोणाचीच उरलेली नाही. फक्त फेलिक्स तुला बघून फिरवायला सांगेल. तो तत्त्वाचा माणूस आहे, ते त्याचं चुकतही नाही. पण खुर्ची जड आहे रे, मला एकटीला झेपत नाही. एका बाजूने तू धर.

डेल